सुमनची दुर्बीण, माहे रोडगे

१८ जाने., रवि.

सुमन आज पण सकाळी सहाले गेली. विहारातल्या बायांचा पक्षी पाहाचा ग्रुप झाला, त्याले महिना होत आला. सोबत इंगोले सर. कॉलेजात झाडं शिकवत होते, आता रिटायर. रिटायर तर मी पण आहो, माह्या मागं कोणी सकाळी सहाले फिरत नाही.

साडेनऊले आली. चेहरा असा, जशी पोरगी बोर्डात आली. म्हणे, "आज नीलपंख पाह्यला." मी म्हटलं, चहा मांडू? म्हणे, "झाला. सरांनी थर्मासात गवती चहा आणला होता." मागच्या अंगणात आपला गवती चहा वाळून चालला, तो नाही दिसत.

२० जाने., मंगळ.

सु.नं दुर्बीण घेतली. शिवणकामाच्या पैशातून. मले विचारलं नाही. कपाटात माह्या मफलरवर ठेवली.

ती मार्केटात गेली तवा मी लावून पाह्यली. समोरच्या गच्चीवरचे पापड दिसले. पक्षी काही दिसला नाही. सर तिले त्याच्यातून काय दाखवते कोण जाणे.

२३ जाने., शुक्र.

अकोल्याहून पिंकीचा फोन. आईचं कौतुक ऐकून घेतलं, मग पोट्टी म्हणते, "बाबा, तुमी त्या सरांवर जळून राहिले." म्हटलं, मी काहून जळू? बापाशी बोलाची रीत आहे का? फोन ठेवला.

मग अंगणात पंधरा फेऱ्या. जळतो. लिहाले काय जाते. त्याच्या टोपीवर जळतो, थर्मासावर जळतो. बत्तीस वर्षांत सु. माह्याकडे पाहून "अय्या" म्हणाली नाही. एका नीलपंखाले म्हणते.

२५ जाने., रवि.

पुढच्या रविवारी ग्रुपची दिवसभराची सहल. मोर्शीकडे कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेत, तिथून खाली धरणाच्या पाण्यावर पक्षी. आपापले डबे.

म्हटलं, मी पण येतो.

ती भांडं घासत होती, थांबली. "तुमाले कंटाळा येईन."

"सगळ्यायले रोडगे करतो."

ऑफिसात माह्या रोडग्यांचं नाव होतं. दरसाल हिवाळ्यात आमची रोडग्याची पार्टी, बारा-तेरा जण, कोणाच्या वावरात. बाया नाही, पहिल्यापासून नियमच तसा. साहेब लोक मले नावानं हाक मारत त्या एका दिवशी. आता पाहू दे इंगोलेले. झाडाचं नाव सांगनं सोपं आहे, गोवरीच्या विस्तवात रोडगा भाजून दाखव म्हणा.

३१ जाने., शनि.

गहू जाडसर दळून आणले. गोवऱ्या दोन पोते. तूप, वांगे, तुरीची डाळ. सु.नं विचारलं, "मी काय करू?" म्हटलं, तू फक्त बस. रोडग्याले बाईचा हात लागत नसते.

ती "बरं" म्हणाली अन् दुर्बिणीची काच पुसत बसली.

१ फेब्रु., रवि. (संध्याकाळी, पाय दुखून राहिले)

सरळ लिहितो.

गाडीत सु. सरांच्या मागच्या सीटवर. रस्त्यानं पळस फुलाले लागला. सर बोट दाखवे, सगळ्या माना तिकडे. बागेत संत्रे असे लागले होते, फांद्यायले बांबूचे टेकू. मालक चांगला माणूस, म्हणे खा लागल तितके. फक्त विस्तव झाडापासून दूर, कडेच्या बांधावर, धुऱ्यावर पेटवा.

सर बायायले घेऊन खाली पाण्याकडे गेले. मी एकटा कणकेत. तेलाचं मोहन, ओवा, तूप लावून घड्या, गोळे. धुऱ्यावरून सगळं दिसे. सर सु.च्या मागं उभे राहून हात लांब करून काही दाखवून राहिले. ती हसली. मोठ्यानं. माहे दोन्ही हात तुपात, जाऊ कसा? नंतर विचारलं तर म्हणे, "काही नाही, बगळ्याचं होतं." बगळ्यात हसाचं काय असते?

पण रोडगे! राखेतून काढले, फडक्यात झटकले, फोडले तर आतून पापुद्रे मोकळे. पत्रावळीवर वांग्याची भाजी, वरण, वाटीभर तूप. सगळ्या बाया खाण्यात गुंतल्या. सरांनी पाच खाल्ले. "भाऊ, असे रोडगे जन्मात नाही खाल्ले," म्हणे. अन् थर्मासातला चहा सगळ्यात आधी मले दिला. चहा चांगला होता. तेच तर.

मी सु.कडे पाह्यलं. ती रोडग्याचा एक एक पापुद्रा सोडवून खाऊन राहिली होती.

विहिरीवर हात धुताना विचारलं, कसे झाले?

म्हणे, "हे तुमी दरसाल करत होते?"

"हो."

"असेच?"

"असेच. काहून?"

"काही नाही. मी दरसाल नुस्ता शर्टाचा धूर धुतला."

अन् गेली. मी पाण्याचा डबा धरून तसाच उभा. परतीच्या गाडीत ती पुन्हा सरांच्या मागं बसली, पण या टायमाले मले राग नाही आला. दुसरंच काही झालं.

२ फेब्रु., सोम.

सु. बोलते. पाणी आलं, भाजी कोणती, सिलिंडर. आपल्या जागी सगळं ठीक आहे.

एक आठवलं. पिंकीच्या टायमाले दिवस गेले होते, सहावा असंन. मी पार्टीले निघताना म्हणाली होती, "एखादा उरला तर आणजा." उरले होते चार. गड्याच्या कुत्र्याले टाकले. घरी आलो, ती ताट झाकून बसली होती. म्हटलं, माहं पोट भरलं, तू खाऊन घे. रोडग्याचं तिनं विचारलं नाही, मी सांगतलं नाही. हे इतक्या वर्षांत आजच आठवलं, म्हणजे पाहा.

तिले आठवत असंन का? विचाराची हिंमत नाही.

५ फेब्रु., गुरु.

सरांचा फोन. माह्याच नंबरावर. "भाऊ, रोडग्याची रीत सांगा, घरी करून पाहतो." कणीक किती ते बरोबर सांगतलं. मोहन अर्धं सांगतलं. होऊ दे दगड.

म्हणजे राग गेला नाही. बरं झालं, निदान ओळखीचा आहे.

७ फेब्रु., शनि.

उद्या ग्रुप पुन्हा जाऊन राहिला, जवळच, वडाळीकडे. मले कोणी चल म्हटलं नाही, मी पण विचारलं नाही.

चक्कीवरून गहू दळून आणले, जाडसर. राहिलेल्या गोवऱ्या गच्चीवर नेऊन मांडल्या. मागच्या गवती चहाले पाणी टाकलं, दोन पाती हिरवी आहेत अजून.

सु.नं ओट्यावर पिशवी पाह्यली. बोटानं कणीक चोळून पाह्यली.

"आता कोणाची पार्टी?"

"पार्टी नाही. घरी. दोघंच."

ती दुर्बीण पिशवीत भरत होती. भरून झाली, पट्टा गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. मी म्हटलं, उद्या विस्तव किती वाजता पेटवू?

म्हणे, "मी आल्यावर."

कधी येणार ते नाही सांगतलं.