तेरा नंबरची पट्टी

१ मार्च
अखेर आईनं पट्टी बांधून घेतली. नंबर तेरा. बारा माझ्या हातावर. मनगट किती वाकतं, किती थरथरतं, सगळं संगणकावर उमटतं. म्हातारी माणसं पडण्याआधी सुगावा लागावा म्हणून हा खटाटोप. आई म्हणाली, "एवढं शिकलीस आणि शेवटी मलाच बेडी घातलीस!"

संध्याकाळी दादाचा फोन. खालच्या मजल्यावरच्या आजींना मुलानं वृद्धाश्रमात ठेवलं, ते त्याला सांगितलं. योग्यच केलं, म्हटलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं की घरी ठेवण्यात अर्थ नाही. आई शेजारीच वाटाणे सोलत होती. म्हणाली, "खरंय."

३ मार्च
तेरा बंद! दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. माझी बारा ठणठणीत. दोन्हींच्या आत एकाच दिवशी, एकाच सुईतून ओढलेले वीज वाहणारे तंतू — एक पट्टी जिवंत, एक मेलेली? आईला विचारलं. "मी तर झोपले होते गं."
नवी बांधली.

४ मार्च
टाचणीला फैलावर घेतलं. (काडीसारखी पोरगी, पण टोचते — म्हणून टाचणी. तीन वर्षं माझ्या हाताखाली हे तंतू बनवतेय.) तंतूंवरचा थर नीट बसलेला नाही, म्हटलं.
"मॅडम, बाकी अठरा जणांच्या चालू आहेत."
"मग एकोणिसावी का नाही?"
तिचा प्रबंध याच खेपेवर उभा आहे. पण माल सदोष असेल तर शुक्रवारी, तेरा तारखेला, अहवालावर मी सही करणार नाही. नियम म्हणजे नियम.

६ मार्च
पुन्हा बंद. आणि हे काय? बंद पडण्याआधी वीस मिनिटं मनगट सारखं मागे-पुढे, मागे-पुढे. झोपलेल्या बाईचा हात असा चालतो?
आई म्हणे, "स्वप्नात कणीक तिंबत असेन."
हसू आलं नाही.

९ मार्च
तिसरी.
काही सुचत नाही. हवेतला ओलावा? घाम? पण आईला घाम येतच नाही. टाचणी माझ्या नजरेला नजर देत नाही. चूक तिची असेल तर तिनं सांगावं. माझी असेल तर — कुठे?

१० मार्च
"मॅडम, एक उसवून बघू या का?" प्रयोग संपेपर्यंत पट्टी उघडायची नाही, हा माझाच नियम. मोडला. काळं कापड उसवलं.

निळी! आत तंतू हिरवे हवेत. हिरव्यातून वीज वाहते. साबण-सोड्यासारखं काही लागलं की आतलं आम्ल निघून जातं, तंतू निळे पडतात, वीज थांबते. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी मी हे शिकवते — आणि आठवडाभर मलाच सुचू नये! आम्लाचा थेंब टाकला. हिरवी. चालू. थर उत्तम आहे.
टाचणीच्या डोळ्यांत पाणी. "रडून घे, मग नोंद कर," म्हटलं. माफी मागायला हवी होती. जमलं नाही.

पण साबण आला कुठून? आईच्या आंघोळीला मी स्वतः हातावर पिशवी बांधते. कपडे मशीनमध्ये, संध्याकाळी, मीच लावते. भांडीही मीच घासते.
"मी कशाला साबणाला हात लावू?" आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आई कधी खोटं बोलत नाही. मग हे आहे तरी काय?

१२ मार्च
न सांगता पावणेतीनला घरी गेले. आई न्हाणीघरात, स्टुलावर. बादलीत तिची चादर. दोन्ही हातांनी घासत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. मला पाहिलं आणि चादर पाठीमागे ओढली. एवढी मोठी चादर.
मग म्हणाली, "दादाला कळवलंस का? कधी पाठवताय मला?"

मी दुसरं टोक धरलं. पिळायला दोघी लागतात.
बारा नंबर तीन वाजून चार मिनिटांनी बंद.