शीर हातानंच शिवायची

३ जानेवारी, सॅस्कटून
नववर्षाचा संकल्प एकच. यंदा एकही शीर यंत्रानं जोडायची नाही. यंत्र म्हणजे काटे असलेल्या दोन इवल्या कड्या. शिरेची टोकं कड्यांतून ओवायची, काट्यांवर उलटायची, कड्या एकमेकींवर दाबायच्या. ब्लाउजचं टिचबटण लावावं तसं. याला शस्त्रक्रिया म्हणत नाहीत. मी जन्मभर केसाहून बारीक दोऱ्यानं शिरा शिवत आले. माझी विद्यार्थिनी इंग्रिड हालवर्सन आता आमच्याच विभागात सर्जन आहे. टिचबटणवाली झाली. वाईट वाटतं.

११ जानेवारी
सराव. कोंबडीच्या मांडीतली शीर, नेहमीप्रमाणे. डोळ्यांवर भिंगं, स्वयंपाकघरातलं टेबल. जोड गळला. कोंबडी फ्रीझरमधली होती. नंतर तिचं सूप केलं. सूप उत्तम.

१९ जानेवारी
सुईचं टोक जरा हलतं. कॉफीमुळे. कॉफी बंद.

२४ जानेवारी
अजून हलतं. कॉफी बंद केल्यामुळे. पुन्हा सुरू.

२ फेब्रुवारी
नवी पेशंट, बर्नाडेट कोवालचुक. शहर बस चालवते. कर्करोगामुळे एक स्तन काढलेला. तिच्या पोटाचं मांस शिरांसकट उचलून छातीवर बसवायचं, तिथल्या शिरांशी जोडायचं. ऐकून मोठ्यानं हसली. म्हणाली, म्हणजे आजवर खाल्लेल्या सगळ्या बटाट्याच्या पेरोगी एक मजला वर चढणार! मी बजावलं, पोटाचं मांस एकदाच उचलता येतं. फसलं तर दुसऱ्यांदा नाही. मग म्हणाली, डॉक्टर, वर्ष झालं, मी आरशावर टॉवेल टाकून कपडे घालते. एवढं जमवा.
जमेल, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
इंग्रिड आली. म्हणे, मॅडम, धमनी तुम्हीच शिवा, ती कुणीही हातानंच शिवतं. पण शीर ओल्या कागदासारखी चिकटते, तिला कडी लावू या. हा हट्ट नक्की कुणासाठी? मी म्हटलं, मी शिरा शिवत होते तेव्हा तू बालवाडीत होतीस. म्हणाली, होते ना, म्हणून तर माझी नजर अजून शाबूत आहे.
उद्धट. पण हात चांगला आहे. मीच शिकवलंय.

१७ फेब्रुवारी
ऑपरेशन. नर्स लोर्नानं कड्यांचं पाकीट तयार ठेवलं होतं. मी ते परत ठेवायला लावलं. धमनी झकास. शीर शिवताना एका टाक्याला सुई जड गेली. इंग्रिडनं विचारलं, मॅडम, मागची भिंत तर नाही ना आली? म्हणजे अलीकडची कड शिवताना सुई पलीकडच्या कडेतूनही जाते आणि शिरेचं तोंडच बंद होतं. ही नवशिक्यांची चूक. मी नवशिकी नाही, तेव्हा उसवून बघण्याचा प्रश्न नव्हता. रक्त सोडल्यावर शीर सावकाश भरली. काही शिरा स्वभावानंच संथ असतात.

१८ फेब्रुवारी
सकाळी वॉर्डातून फोन. बसवलेला भाग फुगलाय, बीटासारखा जांभळा पडलाय. पुन्हा थिएटरमध्ये. शिरेत रक्ताच्या गाठीच गाठी. इंग्रिडनं माझा जोड कापून काढला, कड्या बसवल्या. मी बाजूला उभी राहून मार्गदर्शन केलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

२० फेब्रुवारी
गाठी आतवर पोहोचल्या होत्या. मांस मेलं. काढून टाकलं.
कापलेला जोड इंग्रिडनं मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि स्टुलावरून उठली. मी पाहिलं. एक टाका दोन्ही भिंतींतून गेलेला. हल्लीच्या सुया फाजील टोकदार येतात. कंपनीला कळवायचं.

२१ फेब्रुवारी
बर्नाडेटला सांगितलं, शिरेत गाठ झाली. हे खरंच आहे. तिनं माझाच हात थोपटला. म्हणाली, तुम्ही तरी काय करणार हो, डॉक्टर? आमच्या घराण्याचं रक्तच दाट, बापासारखं. मी दुरुस्ती केली नाही. आजारी माणसाशी वाद घालू नये.
निघताना बाथरूमचं दार उघडं दिसलं. आरशावर हॉस्पिटलचा टॉवेल.

१० एप्रिल
मायक्रोस्कोपखालची कामं मी थांबवली. निर्णय माझाच. विभागप्रमुखांनी तो माझ्याआधी बोलून दाखवला, इतकंच. आता शिकवण्याला भरपूर वेळ मिळेल. विद्यार्थ्यांसाठी तास ठेवला, विषय: हाताची शिलाई. कुणी आलं नाही. बाहेर बर्फ होतं.

१२ जून
बर्नाडेटचं दुसरं ऑपरेशन. या वेळी मांडीचं मांस. इंग्रिड करणार, शिरेला कडी लावणार. मला बोलावणं नव्हतं. पण बर्नाडेटनंच निरोप धाडला, झोप लागेपर्यंत थीसन डॉक्टरांनी, म्हणजे मी, जवळ थांबावं. गेले. तिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अगंबाई, केवढ्या कुडकुडताय तुम्ही! आणि लोर्नाला म्हणाली, माझं राहू दे गं, आधी डॉक्टरांना एक गरम ब्लँकेट दे.
थिएटरमध्ये थंडी असतेच, असं मी म्हणणार होते. लोर्नानं ब्लँकेट माझ्या खांद्यांवर घातलं. मी घालू दिलं.
बर्नाडेटला झोप लागली. इंग्रिड हात धुऊन आत आली. मला जा असं कुणीच म्हणालं नाही. सगळ्या थांबून राहिल्या. मी ब्लँकेटसकट बाहेर आले.