तुझ्या बाजूची सीट

सगुणा,

पाहुण्यांच्या लग्नाला निघताना गाडीच्या तडकलेल्या चामड्याच्या सीटमध्ये अडकून तुझी पैठणी फाटली. "ह्या खटाऱ्यात पुन्हा बसणार न्हाई," म्हणालीस आणि एसटीनं भावाकडं मंठ्याला गेलीस. दोन महिने झाले, फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहून राह्यलो.

जुन्या जालन्यातले गाडीची सीटं शिवणारे अजमतभाई म्हणाले, "सगळं काढून रेक्झीन टाकू, जल्दी होईल." मी म्हणलं, "बिलकुल न्हाई. बाई चामड्यावर रुसल्या, त्यांची समजूत चामड्यानंच काढायची." मंग आम्ही दोघांनी सीटं पुसली, तेल चोळून मऊ केली. तुझ्या बाजूला नवं चामडं शिवलं, दाराचं लोंबणारं अस्तर चिकटवलं. रंग जरा गडद झालाय, पण हात लोण्यावाणी फिरतो. एकट्याला चहा गोड लागत न्हाई. ये.

ता.क. पत्र टाकायला निघाल्तो, पण गाडी थेट मंठ्यालाच आणली. तू सीटवर हात फिरवलास, अस्तर ओढून पाहिलंस आणि म्हणालीस, "सरका तिकडं. मी चालवते. भाचीनं शिकवलं, लायसनबी काढलंय."

आता मी शेजारी जीव मुठीत धरून बसलोय. अक्षर हलून राह्यलंय आणि हसू आवरत न्हाई. पत्र खिशातच ठेवतो.

तुझ्या शेजारचा,
रखमाजी