स्वतःचा प्रसंग सांगा

६ जानेवारी
आले एकदाची शेगावात. पुण्याच्या कंपनीने कपातीत काढल्यापासून गावी, उंद्रीच्या घरी बसून मुलाखती देत होते. शेवटी जगभर पसरलेल्या एका मोठ्या कंपनीच्या इथल्या नव्या ऑफिसात लागले. स्टेशनजवळ सोजराबाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. आईही सोबत आली. आल्या आल्या तिने गॅसची जागा ठरवली आणि ऑफिसात एसी असतो तर स्वेटर घेऊन जा म्हणून बजावलं. बाबा गेल्यावर मला शिकवलं ते तिनेच, लोकांच्या वावरात निंदण करून. नोकरी कायम झाली की तिच्या हातात पुन्हा विळा दिसू देणार नाही.

९ जानेवारी
नोकरी लागली तरी मुलाखती काही संपेनात. कायम होईपर्यंत रोज एक फेरी, असा इथला नियम म्हणे. लग्न लागून गेलं तरी मुलगी बघायला पाहुणे येताहेत, तशातली गत. बंद खोली, पडद्यावर एक शांत बाई, आणि तोच प्रश्न: अडचणीतून मार्ग काढलात असा प्रसंग सांगा, खरा सांगा, स्वतःचा सांगा. दोन-अडीच वर्षांच्या नोकरीत असे प्रसंग आणायचे कुठून? मग घरचेच सांगते. उद्यासाठी विहिरीचा काढून ठेवलाय. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी मोटर पाणी ओढेना, तेव्हा बाबांनी मला दोर बांधून विहिरीत उतरवलं आणि पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हमधला गाळ काढायला लावला. वरून ते सारखे गाणी म्हणत होते, मी घाबरू नये म्हणून.

१७ जानेवारी
धाकटा भाऊ संघपाल उंद्रीहून वांगी घेऊन आला. जेवताना कसल्याशा विहिरीची गोष्ट काढून हसत सुटला. मी म्हटलं, मी कधी विहिरीत उतरलेच नाही. त्याला वाटलं मी शिष्टपणा करतेय. म्हणाला, ताई, मोठ्या कंपनीत गेली तं बापाले बी इसरली काय वं? मला राग आला. ताटावरून उठले. आईने माझं ताट झाकून ठेवलं.

२३ जानेवारी
९ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे. विहीर लिहिली आहे, दोर लिहिला आहे, गाणी लिहिली आहेत. मला त्यातलं काहीच आठवत नाही. त्या खोलीत जे सांगते ते माझ्याकडे उरत नाही. बाबांचे प्रसंग सगळ्यात जास्त सांगितले असणार. त्यांचा फोटो समोर ठेवून बसले, पण आवाज काही केल्या येईना. शेजारच्या टेबलावरचा हर्षल इथे माझ्या कितीतरी आधीपासून आहे. त्याला सहज गाव विचारलं, तर त्याने आधार कार्ड काढून बघितलं.

२४ जानेवारी
आज खोटा प्रसंग रचून सांगितला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा तुमचा नाही. दार उघडेना. संताप आला, दारावर लाथा मारल्या. शेवटी एक खरा दिला तेव्हा उघडलं. कोणता दिला, कुणास ठाऊक.

२७ जानेवारी
गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती मीच. आईला सगळं सांगितलं. तिने शहाणपण शिकवलं नाही की विश्वास बसत नाही असंही म्हटलं नाही. म्हणाली, पोरी, हे नोकरी तुह्या जीवाले खाऊन राह्यली. मी निंदाले जाईन, पन तू घरी चाल. मला रडू आलं. राजीनामा दिला.
पण जाणाऱ्याचीही मुलाखत असते. निरोपाची. त्याशिवाय सोडत नाहीत.
आईचा एकही प्रसंग मी अजून दिलेला नाही. ती तेवढी सगळीच्या सगळी माझी आहे. उद्या तिचं नाव काढायचं नाही. दात आवळून बसेन.

२८ जानेवारी
सुटले.
बराच वेळ गप्प होते. बाई एकच विचारत राहिल्या, का जाताय, कुणासाठी जाताय — पुन्हा, पुन्हा — इतकी मोठी नोकरी सोडण्यासारखं घरी आहे तरी कोण, असं म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं. तावातावाने बोलले. खूप वेळ. काय बोलले ते — जाऊ दे. बाई पहिल्यांदाच हसल्या. दार लगेच उघडलं.
खोलीवर आले. सामान बांधून ठेवलंय. कुणी बांधलं?
गॅसजवळ एक म्हातारी बसलीय. सोजराबाईंची पाहुणी असेल. मला बघून उठली, पाणी दिलं. सुटली का वं माय, म्हणते. मी नीट विचारलं, मावशी, तुम्ही कुणाकडे आलात?
ती माझं नाव घेऊन हाका मारू लागली —
हे लिहितेय तर अगदी जवळ सरकलीय. रडतेय. हात खरबरीत आहेत, विळ्याचे घट्टे पडलेले. माझा चेहरा त्या हातांत धरून म्हणतेय की ती माझी —