घोडीपुढून मागे सरले

रविवार, दिवेलागण

पोरीला जिथे शिकायचं आहे, ते लहानसं कॉलेज तिच्यासोबत पाहून आले. तिथे इतिहास, भाषा शिकवतात आणि सोबत घोडेस्वारीही. वसतिगृह, जेवण, सगळं विचारलं. ग्रंथालयात तर माझाच पाय निघेना. कॉलेज चांगलं आहे.

मग तबेल्यात शिकवणाऱ्या मॅडमनी गुळाचा खडा माझ्यापुढे केला. "काकू, घोडीला तुमच्या हाताने द्या." मी पदर ओढून मागे सरले. आमच्याकडे नवरदेवाच्या घोडीपुढे विधवा येत नाही. हे गेल्यापासून प्रत्येक लग्नात मी अशीच सरते. पण इथे कुठला नवरदेव होता? मॅडमचा हात तसाच पुढे राहिला.

तेवढ्यावर थांबायचं होतं. लाज झाकायला बोलून बसले, "पोरीच्या जातीले घोडा कायले पाहिजे?" सगळ्यांसमोर. इतकी पुस्तकं वाचून हे निघालं तोंडातून?

 कोहमाऱ्याला बसमधून उतरल्यावर पोरगी म्हणाली, "आई, तू घोडीले भेली का लोकाइले?"

"चूप राह्य."

"मंग फारम भरू का नोको?"

मी चालत राहिले. आता ती आत भांडी घासून राहिली आहे, नेहमीपेक्षा जोरात. मला तो गूळ धरलेला हात दिसतो. हे असते तर यांनी हसत मला पुढे ढकललं असतं.

उठते. तिला सांगते, फारम भर. आणि मी लोकांनाच भ्याले, हेही सांगायचं आहे. पहिलं सोपं आहे.