आधी घंटाघर, मग छत

१२ जानेवारी, रविवार
आज उपासनेत कौलाचा तुकडा थेट हार्मोनियमवर पडला. गाणं थांबलं नाही, पण सूर कायमचा बदलला. नंतर पाळकसाहेबांनी (रेव्हरंड अभय, वयानं लहान, अनुभवानं त्याहून लहान) विचारलं, छताच्या दुरुस्तीचं कोण बघेल? कुणी हात वर केला नाही. मी खोकलो. एकमतानं छत-समितीचा अध्यक्ष झालो. योग्यच आहे. वाळूजला कंपनीत आयुष्यभर स्टोअर सांभाळलंय, हे छत काय चीज आहे! सोनियाचं लग्न सतरा मेला याच चर्चमध्ये आहे. लेकीला शब्द दिला: नव्या छताखाली होईल.
संकल्प: मार्चमध्ये काम खतम.

१८ जानेवारी, शनिवार
स्वतः वर चढून इन्स्पेक्शन केलं. कौलं शाकारणारा शफीक खालून ओरडत होता, साब, उतरो, साब, उतरो. अध्यक्षाला असं खालून हुकूम देतात का? रागानं वळलो तेवढ्यात काही कौलं गेली. पाळकसाहेबांच्या खुर्चीतून आता आभाळ दिसतं.
निष्कर्ष: छत अंदाजापेक्षा कमकुवत आहे. वेळेत कळलं हे माझ्यामुळं.
गुडघ्याला हळद लावलीय.

२ फेब्रुवारी, रविवार
मीटिंग. सगळ्यांचं एकच टुमणं: सडलेलं लाकूड बदला, कौलं बदला, झालं. काय ही दृष्टी! मी घंटाघराचा प्रस्ताव मांडला. कुणीतरी म्हणालं, पण आपल्याकडं घंटाच नाय. अहो, म्हणूनच तर! मग रत्नमाला, माझी स्वतःची बायको, भर मीटिंगमध्ये उभी राहिली. "अहो, पाऊस आला की घंटा वाजवायची का छत्री उघडायची?" लई हसले लोक. पाळकसाहेबसुद्धा.
घरी बोलणं बंद. (तिनं केलंय. मी करणारच होतो.)

१५ फेब्रुवारी, शनिवार
वेरूळला अभ्यासदौरा. एकटाच गेलो, बाकीची समिती 'कामात' होती. डोळे उघडले. कैलास लेणं वरून खाली कोरलंय! कळस आधी, बाकी सगळं नंतर. एवढ्या वर्षांपूर्वी त्या लोकांना कळलं, ते आमच्या समितीला कळत नाही. तिथंच ठरवून टाकलं: आधी घंटाघर, मग छत.
संभाजीनगरची बस उभ्यानं. गुडघा पुन्हा सुजला.

८ मार्च, शनिवार
इंद्रजीतकडं बजाजनगरला. संडे स्कूलला माझ्याच हाताखाली होता, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. घंटाघराचं सगळं स्वप्न उलगडून सांगितलं. चहा आला, थंड झाला, दुसरा आला. शेवटी तो म्हणाला, "काका, घंटाघराचं राहू द्या. छताचा सगळा खर्च मी देतो. उद्यापासून काम लावा."
मी नम्रपणे नकार दिला. नुसत्या छतावर दाता खर्च करून टाकला, तर घंटाघराला कोण उरेल? शिवाय पहिली ऑफर कधी घेऊ नये, ही स्टोअरमधली शिकवण. विचार कर म्हणालो.

२३ मार्च, रविवार
इंद्रजीत फोन उचलत नाही. म्हणजे खोल विचार चाललाय. चांगलं लक्षण आहे.

२० एप्रिल, ईस्टर
उपासना आवारात, मंडपाखाली. आत बसायला लोक घाबरतात. अध्यक्षाला कुणी 'हॅपी ईस्टर' म्हणालं नाही, किंवा उन्हानं ऐकू आलं नसेल. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, इंद्रजीतनं ते पैसे नव्या मशीनला घातले. छताचं आता दिवाळीनंतर बघू म्हणतो. मी म्हणालो, बघा, माणसाला एवढासुद्धा पेशन्स नाही! पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बहुधा मनात प्रार्थना करत असावेत.

२९ एप्रिल, मंगळवार
लग्नपत्रिका छापून आली. मला न विचारता. लग्न आमच्या चर्चमध्ये नाही; देवगाव रंगारीला, रत्नमालाच्या माहेरच्या चर्चमध्ये. मी आवाज चढवला. अध्यक्षाच्याच मुलीचं लग्न बाहेर? लोक काय म्हणतील?
सोनिया म्हणाली, "पप्पा, सासरच्या कुणाच्या डोक्यात कौल पडलं तर मी काय तोंड दाखवू?"
मी म्हणालो, मी शब्द दिला होता.
"व्हय पप्पा," म्हणाली, आणि पत्रिकांवर नावं घालत बसली. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

१७ मे, शनिवार, संध्याकाळ
लग्न झालं.
चर्च छोटं, पत्र्याचं छत. सोनियाचा हात धरून मीच तिला पुढपर्यंत आणलं. तिथं उभं राहिल्यावर सहज वर नजर गेली. छताच्या एका लोखंडी अँगलला गंज होता, कोपऱ्यातला पत्रा उचकटलेला. हे इथल्या पंचांना सांगायला पाहिजे, एखादी समिती नेमायला पाहिजे, असा विचार चालू होता. तिथल्या पाळकसाहेबांनी विचारलं, या वधूला लग्नासाठी कोण देत आहे? पुन्हा विचारलं म्हणे. मला ऐकूच आलं नाही. खाली बघितलं तेव्हा रत्नमालाचा भाऊ कचरू बाकावरून उठून पुढं आला होता. "म्या देतो," म्हणाला, आणि माझ्या हातातला तिचा हात हळूच सोडवून पाळकसाहेबांच्या हातात दिला. रडत होता.
जेवणाच्या वेळी मी रत्नमालाला सांगितलं, तो पत्रा खरंच सैल होता.
"आसंल," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात वाढून पुढं गेली.