मागच्या चाकाची घरघर

ती. बाबा,
तुम्हाला नमस्कार, आईला गोड पापा.

तीन विमानं बदलून सुखरूप पोचले. काल आमच्या संघाची रेसची गाडी सरावाहून परतली, तेव्हा मी मागचं चाक हाताने फिरवलं, तर बारीक घरघर! टॅबवर मात्र गाडीच्या तपासणीचे सगळे आकडे ठणठणीत.

"बेअरिंग गेलंय," मी म्हटलं.

"यंत्राला कळलं नाही, ते तुला कळलं?" मुख्य मेकॅनिक हसले. मी अडूनच बसले. उघडलं, तर बेअरिंगला तडा. गाडी चालवणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तुमच्या गॅरेजमध्ये कान तयार झाला, बाबा.

बोट जरासं भाजलंय. आईला वाचून दाखवताना ही ओळ गाळा. तुमचा गुडघा कसा आहे?

आज शर्यतीआधी मुख्य मेकॅनिकनी स्वतःच हाक मारली, "ये, चारही चाकं ऐक." मगच गाडी सोडली. सातवे आलो!

तुमचं,
शेंडेफळ